आक्कांना माईक द्या

वाळलेल्या हळकुंडांचा वास नाकात खोल उतरत नाही; तो नाकपुड्यांच्या कडेवर बारीक भुकटीसारखा बसून राहतो. मैत्रिणीने सांगलीहून हेडफोन पाठवला, तेव्हा खोक्याची चिकटपट्टी सोडवताक्षणी आधी तो वास बाहेर आला आणि मग वस्तू. तिचं घर हळदीच्या गोदामांच्या पाठीमागे आहे. तिच्याकडून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला, मग ते पुस्तक असो की लोणच्याची बरणी, तो वास चिकटलेला असतो. हेडफोनच्या मऊ गाद्यांत तो असा मुरला होता की पुढचे सगळे आठवडे मी साताऱ्यातल्या माझ्या खोलीत सांगली कानाला लावून बसले. तसाच दुसरा हेडफोन तिने स्वतःसाठी घेतला होता. त्या दोन हेडफोनांतून आम्ही दोघी एका ऑनलाइन स्पर्धेचं समालोचन करणार होतो: मोबाईलवर खेळायच्या एका लढाईच्या खेळाची स्पर्धा, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या संघांची. त्या स्पर्धेत कोण कुठल्या फेरीत हरलं हे सांगायला मला आज थोडं आठवावं लागेल. मी मैत्रिणीवर किती जळले, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

कल्पना माझी होती. हे वाक्य त्या दिवसांत मी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं आहे की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. एका दुपारी व्हरांड्यात दोन मुलं भिंतीला टेकून आपल्या आवडत्या खेळाचं वर्णन एकमेकांना ऐकवत होती. चढत्या आवाजात, हिंदीत, मधूनमधून इंग्रजी शब्दांचे फटाके उडवत. त्यांना तोंडपाठ असलेल्या कुणा प्रसिद्ध समालोचकाची ती नक्कल होती, पण तिला लय होती, आणि लय ऐकू आली की माझे पाय थांबतात.

"हे मराठीत का नाही सांगत?" मी विचारलं.

एकाने ओशाळून मान खाजवली. "मराठीत कुस्तीचं असतंय मॅडम. गेमचं कुठं असतंय?"

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. माझा आवाज तोवर कित्येक वर्षं हजेरी घेण्यात खर्ची पडत होता. कॉलेजात असताना याच आवाजात मी कविता म्हणत असे, आणि शेवटच्या रांगेतला खोकलासुद्धा ओळ संपेपर्यंत थांबून राहत असे. पुढे नोकरी आली, संसार आला, आणि त्या आवाजाला क्रमांक पुकारण्याखेरीज काम उरलं नाही. मला तो पुन्हा एकदा कुणासमोर तरी उभा करायचा होता. मराठीतून गेमचं समालोचन ही गोष्ट महत्त्वाची होतीच. परंतु त्या गोष्टीच्या मध्यभागी, दिव्याच्या उजेडात, मी स्वतःला पाहत होते.

पहिला फोन सांगलीच्या मैत्रिणीला केला. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एम.ए.च्या वर्गात एकाच बाकावर बसून ओव्यांपासून मुक्तछंदापर्यंत सगळं वाचलं. काव्यवाचनाच्या स्पर्धेत पहिली मी आणि दुसरी ती, हे जणू ठरून गेलेलं होतं.

"गेमचं समालोचन? आपण?" ती म्हणाली. "अगं, आपल्या वयाच्या बायका हळदीकुंकवाचं सूत्रसंचालन करतात."

"म्हणूनच."

"मला त्या गोळीबारातलं काडीचं कळत नाही."

"मलाही नाही. शिकू."

मग म्हणाली, "हेडफोन चांगला लागेल. मी बघते."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सर्व्हर उभा केला. ज्यांनी तो प्रकार पाहिलेला नाही त्यांनी एका इमारतीची कल्पना करावी, जिला फोनमधून दार आहे. आत खोल्या असतात. काही खोल्यांत लिहून बोलायचं, काहींत आवाजाने. आणि एका खोलीत खेळ सगळ्यांना दिसतो, समालोचक बोलतो, बाकीचे ऐकतात आणि शेजारी लिहीत राहतात. खोल्यांची नावं मी ठेवली: स्वागतकक्ष, नियमावली, संवाद, समालोचन. मला ती नावं एखाद्या चांगल्या अनुक्रमणिकेसारखी दिसत होती.

आठवड्याभरात मैत्रिणीचा फोन आला. "स्वागतकक्षात कुणी थांबतच नाही गं. दवाखान्यात केसपेपर काढायला आल्यासारखं वाटत असेल त्यांना. नाव बदलू?"

मी हो म्हटलं. तिने पाटी बदलली आणि लिहिलं, 'या, बसा'. त्या संध्याकाळपासून तिथे गर्दी हटेना. कोरेगावचे आले, विट्याचे आले, तासगावचे आले. कुणी रजेवर घरी आलेला जवान, कुणी मोटर सुरू करून उसाच्या बांधावर बसलेला. कारखान्याची तोड कधी येणार याची चौकशी, आईच्या गुडघेदुखीवरचे उपाय आणि बंदुकांची तुलना, हे सगळं एकाच खोलीत एकाच वेळी चालू झालं.

नियम सांभाळायला आणि पंच म्हणून वडूजकडचे एक निवृत्त फौजी मिळाले. आमच्याकडे सैन्यातून परतलेला माणूस, हुद्दा कुठलाही असो, मेजर होतो. तसे हेही मेजर. स्वतः खेळत नसत. मुलगा सीमेवरच्या ठाण्यात होता आणि नेटवर्क मिळेल तेव्हा खेळायचा, म्हणून तो ऑनलाइन आहे का, त्याचं नाव हिरवं दिसतं का हे पाहायला ते सर्व्हरवर यायचे आणि मग बसून राहायचे. त्यांचा शब्द अखेरचा असायचा. थोड्याच दिवसांत 'नियमावली'च्या दारावरही नवी पाटी दिसली: 'मेजर म्हणतील तसं'. तीही मैत्रिणीनेच लावली होती.

परवानगी मी दिली होती. तरीही प्रत्येक पाटीबरोबर कुणीतरी माझ्या घरातली एकेक भिंत वेगळ्या रंगाने रंगवत चाललंय आणि पाहुणे त्या रंगाचं कौतुक करत आत येताहेत, असं मला वाटत राहिलं.

समालोचन पाळीने करायचं ठरलं होतं. एक सामना माझा, पुढचा तिचा. पहिला मान माझा. मी आठवडाभर तयारी केली. खेळातल्या त्या ओसाड नगराच्या गल्ल्या पाठ केल्या, गंजलेल्या टाकीचा रंग, पडक्या शाळेच्या पायऱ्या, कुठून पावलं वाजली की कसा प्रतिध्वनी येतो हे कान देऊन ऐकलं. रविवारी सकाळी माईक सुरू झाला आणि मी म्हटलं, "निर्जन नगराच्या पूर्व सीमेवर आता चार सावल्या दबक्या पावलांनी पुढे सरकत आहेत." मला ते वाक्य अजूनही आवडतं. शेजारच्या लिहिण्याच्या जागेत कुणीतरी टाकलं, "मॅडम, पेपर कवा हाय?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी ती वाचली नाही असं दाखवत पुढे बोलत राहिले. माझ्या मानेवर मात्र उन्हात उभं केल्यासारखी ऊब चढली.

मग तिचा सामना आला.

तिनेही पहिली दोन वाक्यं माझ्यासारखीच म्हटली, नीटनेटकी, वसतिगृहातली. तेवढ्यात एका खेळाडूने भिंतीवरून चुकीच्या बाजूला उडी टाकली, आणि तिच्या घशातून दुसरीच बाई बोलू लागली.

"आरं गड्या, तिकडं कुठं निघालास, पाव्हण्याकडं? माघारी फिर! माघारी फिर रं, जिन्याखाली बसलाय त्यो तुझी वाट बगत! न्हाई ऐकत. लय शाना. गेला... ग्येला! न सांगता ग्येला, चा बी घेतला न्हाई."

लिहिण्याच्या जागेत नुसता पूर आला. अक्षरं वाचायला सवड मिळेना इतक्या वेगाने ती वर सरकत होती. ती बोलत राहिली. बंदुकीला तिने 'कुदळ' म्हटलं, दडून बसलेल्याला 'घोंगड्यातला', आणि मागून येऊन वार करणाऱ्या एकाला म्हणाली, "ह्यो बग, थकबाकी मागाय आल्यावानी दारात हुबा."

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. दोन वर्षं एका खोलीत राहूनही हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिच्या आईला मी एकदाच भेटले होते, आटपाडीकडच्या त्यांच्या गावी, जिथे तिचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरले आणि आता डाळिंबाच्या बागा आहेत. आई अशी बोलायची. शब्द दगडावरून उड्या मारत येणाऱ्या शेरडासारखे. मुलगी मात्र माझ्याशी नेहमी पुस्तकातलं बोलली. रात्र रात्र आम्ही गप्पा मारल्या, एकमेकींची गुपितं वाटून घेतली, आणि तिने आपल्या गळ्यातली ही सगळ्यात ओलसर, सगळ्यात जिवंत गोष्ट माझ्यापासून जपून ठेवली. आता ती तिने ज्यांचे चेहरेही ठाऊक नाहीत अशा पोरांना भर दुपारी वाटून टाकली. माझ्या जळण्याला तेव्हा दोन तोंडं फुटली. तिच्याकडे हे होतं म्हणून मी तिच्यावर जळले, आणि तिने ते त्यांना दिलं म्हणून त्यांच्यावरही.

दूध तळाला लागतं तेव्हा वरून काही दिसत नाही. साय तशीच पांढरी, तशीच शांत असते. वास तेवढा सगळ्या घरात फिरतो. मला वाटायचं, माझा तो वास फोनमधून तिच्यापर्यंत पोचत असणार.

घरातही सुटका नव्हती. माझ्या सामन्याच्या वेळी नवरा शेजारच्या खोलीत बसून ऐकायचा आणि नंतर दारात येऊन म्हणायचा, "छान झालं." तिच्या सामन्यानंतर तो काहीच म्हणायचा नाही. फक्त स्वयंपाकघरातून मधूनच त्याचं हसू ऐकू यायचं, मोठं, बेसावध, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं. एकदा कांदा चिरताना तो स्वतःशीच म्हणत होता, "माघारी फिर रं, माघारी फिर." मी पाणी प्यायला आत गेले होते. तशीच परत फिरले.

आणि संबोधनं. ती लोकांनी आपापली दिली होती, कुणी ठरवली नव्हती. मी 'मॅडम' होते. ती 'आक्का' झाली. मॅडम या शब्दाला खडूचा वास येतो. आक्का या शब्दाला चुलीवरच्या भाकरीचा. लोक मला लिहायचे, "मॅडम, सामन्याची वेळ कळवावी." तिला लिहायचे, "आक्का, जेवला का?"

अशात तो सामना आला, ज्याच्या जोडीत माझी चूक झाली.

रहिमतपूरजवळच्या एका गावाने दोन संघ पाठवले होते: 'जुनी तालीम अ' आणि 'जुनी तालीम ब'. एकाच आखाड्यात घुमणारी, एकाच वस्तादाच्या हाताखालची पोरं. आता जो हरेल तो स्पर्धेबाहेर, अशी फेरी होती, आणि तिच्या जोड्या मी संगणकाकडून पाडून घेतल्या. कुणाला पक्षपात वाटू नये म्हणून. संगणकाने अ आणि ब समोरासमोर आणले. मी ते जाहीरही करून टाकलं. एका तालमीचे मल्ल मैदानात एकमेकांशी लढत नाहीत, ही रीत साताऱ्या-सांगलीत वाढलेल्या कुणाला सांगावी लागत नाही. मलाही सांगावी लागली नसती. पण माझ्या लेखी ती लाल मातीची रीत होती. काचेच्या पडद्यावर ती लागू होईल, हे माझ्या मनाला शिवलं नाही. खेळाडूंनाही आधी तक्रार करावीशी वाटली नाही, कारण जाहीर झालेली जोड नाकारणं म्हणजे भिऊन माघार घेणं, आणि तेही त्यांच्यात चालत नाही. तेव्हा ते दोन्ही संघ मुकाट्याने मैदानात उतरले.

पाळी माझी होती. मी सुरुवात केली. दोन्ही बाजूंचे गडी सरळ नगराच्या मधल्या चौकात आले, कुठेही न लपता, आणि समोरासमोर उभे राहिले. बंदुका जमिनीकडे झुकलेल्या. कुणी हलेना.

"दोन्ही संघ... प्रतीक्षेत आहेत," मी म्हटलं.

ते प्रतीक्षेतच राहिले. घड्याळ पुढे चाललं होतं. शेवटी अ संघाच्या कप्तानाने माईक उघडला. "मॅडम, आमी हानत न्हाई."

"का?"

"आवं, आमी एका तालमीचं हाय."

"पण हा तर मोबाईलवरचा खेळ आहे."

"व्हय. पर वस्ताद बगत्यात न्हवं हितं बसून."

त्यामागून, जरा लांबून, एका वयस्क माणसाच्या खाकरण्याचा आवाज आला. वस्ताद खरोखरच तिथे बसले होते, तालमीतल्या भिंतीवर पोरांनी पडदा लावला होता, आणि आपल्या गुरूच्या डोळ्यांदेखत गुरुभावाला गोळी घालायला त्यातला एकही तयार नव्हता. मी तोंड उघडलं आणि त्यात काहीच नव्हतं. सगळा सर्व्हर माझ्या त्या रिकाम्या तोंडाकडे बघतो आहे असं वाटलं.

तेवढ्यात सांगलीचा माईक उघडला.

"मंडळी, काटा जोड हाय ही! दोन्ही पैलवान एका वस्तादाचं, एका हौदात घुमल्यालं. डाव त्याचा ह्याला ठावं, ह्याचा त्याला ठावं. घड्याळाकडं बगा... येळ सरत आली... वस्ताद, मिशीवरनं हात फिरवा तुमी! सुटली, सुटली कुस्ती बरोबरीत! मेजर, दोघांचं बी हात वर करा!"

मेजरांचा भारदस्त आवाज आला, परेडच्या मैदानावरचा. "केलं वर! जोड रद्द. दोन्ही टीमला दुसरा जोडीदार. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

चौकातले सगळे गडी जागच्या जागी उड्या मारू लागले. कुणीतरी आकाशात बार काढला. लिहिण्याच्या जागेत हलगीची चित्रं पडत होती. मैत्रिणीने माझ्या चुकीवर अंगावरची शाल काढून घातली होती, आणि ती घालताना ती इतकी सुंदर दिसली की चूक कुणाची होती हे सगळे विसरले. मी वगळून.

त्याच संध्याकाळी 'या, बसा'मध्ये पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, "फायनलला आक्कांना माईक द्या." मग दुसऱ्याने. मग ते वाक्य घोषणेसारखं झालं. एक गेला की दुसरा येऊन तेच लिहायचा.

अंतिम सामन्याची पाळी माझी येत होती. ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं मांडलं होतं, ती तेवढीच माझ्या हातात उरली होती. सर्व्हर माझ्या नावावर होता. कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाला नाही याच्या कळाही माझ्याकडेच होत्या. पण ज्या घरात पाहुणे दुसरीला हाका मारत येतात, तिथे किल्ली कमरेला खोचून फिरण्यात काय शोभा.

लोकांनी मेजरांना साकडं घातलं. मेजरांनी त्यांच्या खोलीत लिहून टाकलं, "पाळी म्हंजी पाळी. ड्युटी बदलून मिळत न्हाई." त्यावर कुणाचं काही चाललं नाही, आणि मला त्या न्यायाचा आनंदही झाला नाही. नियमाने मिळालेला माईक हातात धरणं म्हणजे रांगेत उभं राहून आणलेलं प्रेम दाखवत फिरण्यासारखं होतं.

शनिवारी मैत्रिणीने फोन केला. तिच्या मागे कुठेतरी पोती उतरवल्याचे दबके आवाज येत होते.

"उद्या तूच कर हं. माझा घसा बसलाय."

"तुझा घसा ठणठणीत आहे."

"बरं, आहे ठणठणीत. तरी तूच कर. तुझीच पाळी आहे."

"दान देतेस का?"

"बाईसाहेब," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली धार मी पहिल्यांदाच ऐकली, "मी घेतलं तरी तुला राग, सोडलं तरी तुला राग. मग करू काय मी? वाईट बोलू?"

"हो," मी म्हणाले.

तिच्याकडे पोतं पडल्याचा धप्प आवाज आला. मग ती हसायला लागली, आणि मला हसू आवरलं नाही, आणि हसता हसता माझे डोळे कधी भरून आले ते तिला कळू नये म्हणून मी फोन जरा लांब धरला.

"एक विचारू?" मी म्हटलं. "वसतिगृहात माझ्याशी कधी असं का नाही बोललीस? तुझ्या आईसारखं?"

"तू कविता ऐकायला बसायचीस गं माझ्यासमोर. कान टवकारून. तुझ्यापुढे आईचं बोलणं काढायची हिंमत कुणाची?"

"आणि त्या पोरांपुढे?"

"ती कुठं कान देऊन ऐकतात? ती नुसती ऐकतात."

फोन ठेवल्यावरही तिचं ते बोलणं बराच वेळ टोचत राहिलं, आणि टोचण्यात पुन्हा हेवा होताच: हे वाक्यसुद्धा तिला सुचलं होतं.

रविवारी दुपारी मी पंखा बंद केला, कारण माईक त्याची घरघर पकडतो. खिडकी लावून घेतली. खालच्या गिरणीचा आवाज जमिनीतून तळपायांना लागत होता, कानाला मात्र येत नव्हता. जिभेखाली खडीसाखर. समोर कागदावर माझी वाक्यं, आठवडाभर घासून ठेवलेली. विजयासाठी एक, पराभवासाठी एक, अचानक हल्ल्यासाठी एक. नवरा आज शेजारच्या खोलीत न बसता माझ्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता, आणि त्याने असं करायला नको होतं असं मला वाटत होतं.

अंतिम सामना जुनी तालीम ब आणि सांगलीच्या पेठेतल्या पोरांचा. आमचे आणि त्यांचे, असं लोकांनी करूनच टाकलं होतं. समालोचनाच्या खोलीत मी, मेजर आणि शांत बसलेली ती. बोलणाऱ्याच्या चित्राभोवती हिरवं कडं उजळतं. तिचं कडं विझलेलं होतं.

पहिल्या फेऱ्या मी बरी बोलले. कुणी पेपर कधी आहे असं विचारलं नाही. मधेच एकदा मी कागद सोडून टाकीवरच्या पावलांचा आवाज कसा पोकळ येतो आहे हे सांगितलं, तेव्हा कुणीतरी लिहिलं, "खरंच की." त्या दोन शब्दांची ऊब माझ्या छातीत पुढे बराच वेळ राहिली. फेऱ्या समसमान झाल्या. शेवटची उरली.

शेवटच्या फेरीत गडी पडत गेले आणि दोन्हीकडे एकेकच राहिला. तालमीतला पडक्या शाळेच्या आत, फळ्यामागे. पेठेतला बाहेर, पायऱ्यांखाली. दोघांनाही ठाऊक होतं की दुसरा जवळच आहे. जो हलेल तो दिसेल. तेव्हा दोघंही हलेनात. कालच्या वर्तमानपत्रासारखा एक कागद त्या खोट्या वाऱ्याने अंगणातून सरकत गेला. बाकी पडदा चित्रासारखा स्थिर.

माझ्याकडे विजयाचं वाक्य होतं, पराभवाचं होतं, हल्ल्याचं होतं. काहीच घडत नसतानाचं नव्हतं. "दोघंही..." मी म्हटलं, आणि थांबले. "दोघंही आपापल्या जागी..." खडीसाखर विरघळून गेली होती. तोंडात नुसती गोडसर कोरड.

ती असती तर आता काय काय म्हणाली असती, हे सगळं मला तिच्या आवाजात ऐकू यायला लागलं. एकाला तिने पहिल्या दिवशी शाळेत घातलेल्या पोरासारखं फळ्यामागून डोकवायला लावलं असतं. दुसऱ्याला विचारलं असतं, पायरी लय गार हाय का. लोकांनी पोट धरलं असतं. ते शब्द मी उचलून आणले असते तर माझ्या तोंडात ते उसन्या दागिन्यासारखे दिसले असते, आणि माझे स्वतःचे शब्द कुठे गेले हे मला कळत नव्हतं.

कडेने अक्षरं येऊ लागली. "आक्कांना माईक द्या." पुन्हा, "आक्कांना द्या." मग "आक्का", "आक्का", नुसतंच, यात्रेत हरवलेल्या माणसाला पुकारतात तसं. दाराशी बसलेल्या नवऱ्याने खुर्चीत हालचाल केली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. घड्याळ चाललं होतं, फळ्यामागचा गडी हलत नव्हता, पायऱ्यांखालचाही नाही, आणि माझी शांतता आता सगळ्यांना ऐकू येत होती.

तेव्हा तिच्या चित्राभोवतीचं हिरवं कडं उजळलं.

लिहिण्याच्या जागेत जल्लोष उसळला. आता ती घेईल, मला वाटलं. मागच्यासारखीच शाल काढील आणि घालील, आणि हा शेवटचा तुकडाही तिचा होईल. मला त्या क्षणी तिचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता, आणि त्या रागाच्या पोटात इतकी मोठी सुटका होती की मी कागदावरचे हात उचलून मांडीवर घेतले आणि पाठ खुर्चीला टेकली. माझ्या कानात तिने श्वास घेतला. मी वाट पाहिली.

मग अगदी हळू, जणू त्या खोलीत आम्ही दोघीच आहोत अशा आवाजात, ती म्हणाली, "बोल."